मूल कच्चे की पुस्तक अवघड?

जून-जुलै आला की अकरावी-बारावीची आणि बी.एस्सी.ची नवी पुस्तके घरोघरी येतात. कव्हरे घातली जातात, पहिल्या पानावर नाव लिहिले जाते. दिवाळीपर्यंत मात्र अनेक घरांत एक वाक्य ऐकू येऊ लागते, "मला केमिस्ट्री जमत नाही." परीक्षेचे गुण आले की आई-वडीलही तेच म्हणू लागतात. मुलगा असेल तर जास्त फीचा क्लास लावला जातो. मुलगी असेल तर पुष्कळदा शाखा बदलली जाते. "आर्ट्स घे बेटा, उगाच डोक्याला ताप नको," असे प्रेमानेच सांगितले जाते. पण त्या प्रेमळ सल्ल्यामागे फार्मसी, बी.एस्सी. नर्सिंग, वैद्यकीय, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, बी.एस्सी. अशी कितीतरी दारे एकाच वेळी बंद होतात, आणि ती पुन्हा उघडणे अवघड असते.

आमचे म्हणणे एवढेच आहे की मुलीची परीक्षा झाली, आता एकदा पुस्तकाचीही घ्या. ते पुस्तक आपल्या मुलीला वाचून समजते का, हे तपासा. अडचण रसायनशास्त्राची आहे की भाषेची, हे ठरवल्याशिवाय शाखा बदलण्याचा निर्णय घेऊ नका. ही तपासणी घरी बसून, पेन्सिल आणि एका झेरॉक्सच्या कागदावर करता येते. त्यासाठी आई-वडिलांना रसायनशास्त्र यावे लागत नाही.

एकाच पदार्थाची तीन नावे

आपल्या घरांतील मुलांची अडचण थोडी वेगळी आहे. कोणी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले असते, कोणी उर्दू माध्यमात, कोणी सेमी-इंग्रजीत. अकरावी विज्ञानाला आल्यावर बहुतेक ठिकाणी सगळे इंग्रजीतून सुरू होते. मराठी शाळेत जे आम्ल होते ते उर्दू शाळेत तेजाब होते, आता ते ॲसिड झाले. क्षार किंवा नमक होते ते सॉल्ट झाले. मूलद्रव्य होते ते एलिमेंट झाले. ही यादी पाठ करता येते, पण शब्द बदलला की त्याच्याशी जोडलेले चित्रही काही काळ हरवते.

अणू-रेणूचा घोटाळा तर पाहण्यासारखा आहे. मराठीत ॲटमला अणू आणि मॉलिक्यूलला रेणू म्हणतात. हिंदी पुस्तकात मात्र ॲटम म्हणजे परमाणु, आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल. उर्दूत ॲटम म्हणजे जौहर आणि मॉलिक्यूल म्हणजे सालिमा. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने सोपे पडेल म्हणून हिंदी पुस्तक किंवा हिंदी व्हिडिओ लावला, तर 'अणु' हा शब्द ऐकून त्याच्या मनात चुकीचीच वस्तू उभी राहते. तो उत्तर चुकतो आणि आपण म्हणतो, याचा पायाच कच्चा आहे.

अवघड शब्द कोणते?

आपल्याला वाटते की मोठमोठ्या शास्त्रीय शब्दांमुळे मुले अडतात. ग्लासगो विद्यापीठातील ॲलेक्स जॉनस्टोन आणि त्यांचे सहकारी कॅसल्स यांनी १९८०च्या दशकात ब्रिटनमधील विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा वेगळेच दिसले. शास्त्रीय शब्द शिक्षक समजावून सांगतात, त्याची व्याख्या पुस्तकात असते. मुले अडतात ती साध्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांपाशी, कारण ते शब्द कोणीच समजावत नाही. 'व्होलाटाइल' म्हणजे लवकर वाफ होणारा पदार्थ. अनेक मुलांना तो भडकणारा किंवा स्फोट होणारा पदार्थ वाटत होता. ज्यांची मातृभाषा इंग्रजी होती त्यांचीही ही स्थिती होती. आपल्या मुलांचे काय होत असेल, याचा अंदाज करता येईल.

अशा शब्दांची काही उदाहरणे घरच्यांनीही लक्षात ठेवावीत.

'स्ट्राँग' आणि 'काँसन्ट्रेटेड' हे दोन शब्द बोलण्यात एकच वाटतात. चहा स्ट्राँग म्हणजे घट्ट, दाट. रसायनशास्त्रात स्ट्राँग ॲसिड म्हणजे पाण्यात जवळजवळ पूर्णपणे आयनांत विभागले जाणारे. ते पाणी घालून कितीही पातळ केले तरी स्ट्राँगच राहते. उलट शिरक्यातले ॲसिटिक ॲसिड संहत असले तरी वर्गवारीने वीकच.

'रिडक्शन' म्हणजे कमी होणे, हे मुलाला माहीत असते. पुस्तक सांगते, रिडक्शन म्हणजे इलेक्ट्रॉन मिळणे. मिळाले तर वाढायला हवे, कमी कसे होईल? खरे तर धातुकातला ऑक्सिजन काढून टाकण्याच्या क्रियेला हा शब्द आधीपासून वापरला जात होता, इलेक्ट्रॉनची व्याख्या नंतर आली. पुस्तकाने एवढे एक वाक्य लिहिले असते तर मुलाची झोप उडाली नसती.

'स्पाँटेनिअस' म्हणजे आपोआप घडणारी क्रिया. मुलाला वाटते, आपोआप म्हणजे झटपट. पण लोखंड आपोआप गंजते, त्याला महिने लागतात. हिऱ्याचे ग्रॅफाइट होणे हीदेखील सामान्य तापमान-दाबाला आपोआपची दिशा आहे, पण ती इतकी संथ आहे की दागिन्यातल्या हिऱ्याची काळजी करायचे कारण नाही.

पुस्तकाची परीक्षा कशी घ्यावी?

पुढील चार चाचण्यांना एक सुट्टीचा दिवस पुरतो.

पहिली चाचणी, शब्दांची. पुस्तकाच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन उतारे निवडा. प्रत्येक उतारा साधारण शंभर शब्दांचा असावा. मुलाला सांगा, जो शब्द नक्की कळत नाही त्याखाली रेघ ओढ. अंदाजाने कळतो, तोही धरायचा. मग त्या शब्दांचे दोन रकाने करा. एका रकान्यात रसायनशास्त्राचे शब्द, दुसऱ्यात साधे इंग्रजी शब्द. पहिल्या रकान्यातील शब्दांची व्याख्या पुस्तकात, तो शब्द पहिल्यांदा आला तिथेच आहे का, हे पाहा. नसेल तर तो दोष पुस्तकाचा. दुसरा रकाना लांब असेल तर मुलाला केमिस्ट्रीच्या क्लासपेक्षा इंग्रजी वाचनाची मदत जास्त उपयोगी पडेल. तिचा खर्चही कमी.

दुसरी चाचणी, गाळलेल्या जागांची. अमेरिकेत विल्सन टेलर यांनी १९५३ साली ही पद्धत मांडली. तिला क्लोझ चाचणी म्हणतात. मुलाने अजून न वाचलेल्या धड्यातला साधारण अडीचशे शब्दांचा उतारा झेरॉक्स करून घ्या. पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य तसेच ठेवा. मधल्या मजकुरातला प्रत्येक पाचवा शब्द काळ्या स्केचपेनने खोडा. आकडे, सूत्रे आणि समीकरणे खोडू नका. आता मुलाने गाळलेले शब्द ओळखायचे. 'पाणी तापवले की त्यातील … वेगाने हलू लागतात' असे वाक्य समोर आले, तर विषय आणि भाषा दोन्ही समजणारा मुलगा 'रेणू' लिहील. मूळ शब्द जसाच्या तसा आला तरच गुण द्यायचा. त्यामुळे तपासणाऱ्याला विषय यायची गरज नाही, मूळ पानाशी ताडून पाहिले की झाले.

या चाचणीत शंभरपैकी शंभर कोणालाच पडत नाहीत. साठ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त शब्द बरोबर आले, तर ते पुस्तक मूल स्वतः वाचून शिकू शकते. चाळीस ते साठच्या दरम्यान आले, तर शिक्षकांची किंवा मोठ्या भावा-बहिणीची सोबत हवी. चाळीसच्याही खाली आले, तर ते पुस्तक आज त्याच्या हाती एकट्याने देणे म्हणजे पोहायला न शिकवता विहिरीत ढकलणे होय. एका उताऱ्यावरून निकाल लावू नका, दोन-तीन धड्यांवर करून सरासरी काढा. हे गुण मुलाच्या हुशारीचे नाहीत, पुस्तक आणि मूल यांच्यातील अंतराचे आहेत, हे मुलाला आधीच सांगा. नाहीतर तेही आणखी एक परीक्षा समजून घाबरेल.

वाक्यांची आणि शब्दांची लांबी मोजून पुस्तकाची अवघडता काढण्याची सूत्रेही आहेत. रुडॉल्फ फ्लेश यांचे १९४८ सालचे सूत्र त्यांत प्रसिद्ध आहे. ते इंग्रजीसाठी बनवलेले आहे. रसायनशास्त्राच्या बाबतीत त्यावर विसंबू नये, कारण 'मोल', 'आयन', 'स्पिन' हे शब्द अगदी छोटे आहेत. सूत्र त्यांना सोपे ठरवते, पण मुलाला तेच सर्वांत जड जातात.

तिसरी चाचणी, तीन पातळ्यांची. जॉनस्टोन यांनी १९९१ साली एक गोष्ट नेमकी मांडली. रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर बोलते. एक, जे डोळ्यांना दिसते. दोन, जे दिसत नाही, म्हणजे अणू, रेणू, आयन. तीन, चिन्हे आणि समीकरणे. जाणकार माणूस या तिन्हींमध्ये सहज ये-जा करतो. नव्या विद्यार्थ्याला एका वाक्यात तिन्ही ठिकाणी पळवले की त्याचा दम लागतो.

घरातले उदाहरण घ्या. पातेल्यात पाणी उकळते आहे, बुडबुडे वर येत आहेत. त्या बुडबुड्यांत काय आहे? कॉलेजला जाणाऱ्या मुलांना विचारून पाहा. काही जण म्हणतील हवा, काही म्हणतील हायड्रोजन आणि ऑक्सिजन. उत्तर आहे पाण्याचीच वाफ. रेणू फुटत नाहीत, एकमेकांपासून दूर होतात. पुस्तकात फक्त समीकरण असेल आणि रेणूंचे चित्र नसेल, तर ही चूक वर्षानुवर्षे मनात राहते. म्हणून पुस्तकाची चार पाने उघडून पाहा. समीकरणाजवळ, प्रत्यक्षात काय दिसते ते लिहिले आहे का? आत कण काय करतात याचे चित्र आहे का? चित्रातील भागांना नावे आहेत का, की चित्र एका पानावर आणि त्याचे स्पष्टीकरण दुसऱ्या पानावर आहे?

चौथी चाचणी, सोडवलेल्या गणिताची. मानवी मन एका वेळी मोजक्याच गोष्टी धरून ठेवू शकते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली हा आकडा सातच्या आसपास सांगितला होता, पुढच्या संशोधनाने तो आणखी कमी ठरवला. पुस्तकातले सोडवलेले गणित घ्या आणि प्रत्येक ओळीपाशी मुलाला विचारा, ही ओळ वरच्या ओळीतून कशी आली? साधे गणित असे असते, ३६ ग्रॅम पाण्यात किती रेणू? १८ ग्रॅम म्हणजे एक मोल, म्हणून ३६ ग्रॅम म्हणजे दोन मोल. एका मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके रेणू, म्हणून त्याच्या दुप्पट. चांगले पुस्तक या पायऱ्या एकेक करून आणि एककांसह लिहिते. वाईट पुस्तक 'यावरून स्पष्ट होते की' म्हणून थेट उत्तर देते. ज्याला आधीच येते त्यालाच ते स्पष्ट होते.

अवघड वाक्य सोपे होते का?

काही जण म्हणतील, शास्त्र आहे, अवघड असणारच. विषयाची खोली आणि वाक्याचा गुंता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ले शातेलिए यांचा नियम पाहा. पुस्तकी थाटात तो असा लिहिला जातो, 'समतोलावस्थेतील प्रणालीच्या तापमान, दाब वा संहती यांत बदल घडवून आणला असता सदर बदलाचा परिणाम अंशतः निष्प्रभ होईल अशा दिशेने समतोल स्थलांतरित होतो.'

आता हेच दुसऱ्या रीतीने. सोड्याची बंद बाटली घ्या. आत काही वायू पाण्यात विरघळतो आहे आणि तेवढाच बाहेर येतो आहे, म्हणून बाहेरून शांतता दिसते. हा समतोल. झाकण उघडले की वरचा दाब कमी झाला. मग विरघळलेला वायू बाहेर पडू लागतो, जणू कमी झालेला दाब भरून काढायला निघाला. आपण एका बाजूला ढकलले की ती व्यवस्था तो बदल कमी करण्याच्या दिशेने सरकते. एवढे कळल्यावर वरचे जड वाक्य मुलाने खुशाल पाठ करावे, परीक्षेत तेच लिहावे. आधी अर्थ, मग व्याख्या, हा क्रम महत्त्वाचा.

वरचे वाक्य मराठीत होते, हेही पाहा. केवळ भाषांतर झाले म्हणून पुस्तक सोपे होत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात भारतीय भाषांतून उच्च शिक्षणावर भर आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण मराठी किंवा उर्दू पुस्तक हाती आले तरी त्याचीही हीच परीक्षा घ्यावी.

आपल्याच वारशातील दोन वाटा

हा प्रश्न आजचा नाही. आठव्या शतकातील जाबिर इब्न हय्यान यांच्या नावाने जे किमयेचे ग्रंथ आहेत, त्यांत ज्ञान मुद्दाम विखरून ठेवण्याची पद्धत होती. एक गोष्ट एका ग्रंथात अर्धी, उरलेली दुसऱ्या ग्रंथात. अपात्र माणसाच्या हाती पडू नये, हा हेतू. त्यानंतरच्या काळात, रय शहरातील अबू बक्र अल-राझी यांनी (सुमारे ८६५ ते ९२५) 'किताबुल असरार' लिहिले. नावात रहस्ये असली तरी मांडणी उघड आहे. आधी पदार्थ कोणते, मग उपकरणे कोणती, मग कृती कशी करायची. पदार्थांचे प्राणिज, वनस्पतिज आणि खनिज असे वर्ग त्यांनी पाडले. वाचून दुसऱ्याला ती कृती करता यावी, अशी ती मांडणी आहे. पाठ्यपुस्तक कसे असावे याचा हा हजार वर्षांपूर्वीचा नमुना आहे.

आपल्या मराठवाड्याचाही या गोष्टीशी संबंध आहे. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले आणि तिथे विज्ञानासह उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाऊ लागले. त्यासाठी दारुत्तर्जुमा हे भाषांतर खाते उभे राहिले. रसायनशास्त्राचे शब्द घडवताना अरबी मुळांकडे जायचे की लोकांच्या बोलीतले शब्द घ्यायचे, यावर तिथे गंभीर चर्चा झाली. विद्यार्थ्याला कळेल का, हा प्रश्न त्यांनी पुस्तक छापण्याआधी विचारला होता.

आणि मुलांना हेही सांगावे की केमिस्ट्री परकी नाही. अल्कली हा शब्द अरबी 'अल-कली'वरून आला, म्हणजे वनस्पतींची राख. त्यावरूनच लॅटिन 'कॅलियम' झाले, म्हणून पोटॅशियमचे चिन्ह इंग्रजी 'के' आहे. अल्कोहोल हा शब्द 'अल-कुह्ल'वरून, म्हणजे आपल्या डोळ्यांतला सुरमा. बारीक पुडीवरून तो अर्क काढलेल्या द्रवापर्यंत पोहोचला. अशी एक गोष्ट कळली की चिन्ह पाठ करावे लागत नाही.

निकाल हाती आल्यावर

पुस्तक मुलाला झेपत नाही असे दिसले, तर पुस्तक टाकून द्यायचे नाही. परीक्षा त्याच अभ्यासक्रमावर आहे. त्याला पूल बांधायचा.

एक वही करा, तीन रकान्यांची. इंग्रजी शब्द, मराठी किंवा उर्दू शब्द, आणि स्वतःच्या शब्दांत अर्थ. रोज पाच शब्द पुरे. मराठीसाठी भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश उपयोगी पडतो. उर्दू माध्यमातून आलेल्यांसाठी एन.सी.ई.आर.टी.ची अकरावी-बारावीची रसायनशास्त्राची पुस्तके उर्दूतही आहेत आणि संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. इंग्रजी आणि उर्दू पुस्तक शेजारी ठेवून एकच धडा वाचावा. नीट परीक्षाही मराठी आणि उर्दूसह तेरा भाषांत देता येते, हे अनेक पालकांच्या ध्यानात नसते. भाषा निवडताना वरील चाचण्या दोन्ही भाषांत करून पाहा, म्हणजे भावनेवर नव्हे, पुराव्यावर निर्णय होईल. मराठी वाक्यात शब्द कमी आणि जोडलेले असतात, म्हणून तिथले गुण इंग्रजीच्या गुणांशी तंतोतंत ताडू नयेत, एवढे लक्षात ठेवावे.

रात्री जेवणानंतर मुलीला सांगा, आज काय शिकलीस ते दादीला समजावून सांग. दादीने "म्हणजे काय गं?" असे तीनदा विचारले की कुठे कळलेले नाही ते मुलीलाच उमगते. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) महत्त्वाची गोष्ट ऐकणाऱ्याला नीट समजावी म्हणून तीन वेळा सांगत, असे हदीसमध्ये नमूद आहे. समजेल असे सांगणे ही सांगणाऱ्याची जबाबदारी आहे. पुस्तक लिहिणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनीही ती ओळखावी.

मोहल्ल्यातील अंजुमन, मदरसे आणि मस्जिदीच्या कमिट्या दरवर्षी वह्या-पुस्तके वाटतात. त्या चांगल्या कामात एक भर घालता येईल. कॉलेजच्या दोन-तीन वेगवेगळ्या लेखकांची रसायनशास्त्राची पुस्तके आणि एक चांगला शब्दकोश ग्रंथालयात ठेवावा. ज्याला एका लेखकाचे कळत नाही, त्याला दुसऱ्याचे कळू शकते. आधीच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना विचारून, कोणत्या पुस्तकाचा कोणता धडा सोपा आहे याची यादी भिंतीवर लावावी. चाचणीचे कागद घेऊन कॉलेजच्या प्राध्यापकांना भेटावे. "माझ्या मुलीला जमत नाही" असे म्हणण्यापेक्षा "या धड्यात हे अकरा शब्द आणि ही दोन गणिते तिला अडतात" असे म्हटले, तर शिक्षकांनाही मदत करणे सोपे जाते.

एवढे सगळे करूनही एखाद्याला हा विषय आवडला नाही, तर त्याने खुशाल दुसरी वाट धरावी. इतिहास, भाषा, वाणिज्य यांतही इल्म आहे आणि रोजीही आहे. पण ती निवड त्याची स्वतःची असावी, न समजलेल्या इंग्रजी वाक्यांनी त्याच्यावर लादलेली नसावी. अल्लाह आपल्या मुला-मुलींच्या इल्ममध्ये बरकत देवो आणि त्यांच्यासाठी शिकण्याची वाट सोपी करो. आमीन.